धुरापासून पंपापर्यंत

'दम' हा शब्द फारसीतून आला. त्याचा अर्थ श्वास. मराठीत तो असा मुरला की त्याचे मूळ गाव आता कुणी विचारत नाही. आपण दम धरतो, दम खातो, दुसऱ्याला दम भरतो. माणूस दमदार असतो आणि मार बेदम असतो. 'दमा' हा त्याच घरातला शब्द. ज्याला श्वास पुरतो, त्याला तो जाणवतही नाही. ज्याला पुरत नाही, त्याला दुसरे काही जाणवत नाही.

आमचे कनेरगाव नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावर आहे. पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. हवा मात्र दोन्हीकडे एकच. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुस्कट उडते. उन्हाळ्याच्या तोंडावर हळद शिजते, वाळते, पॉलिश होते, तिची धूळ वेगळी. चुलीत तुराट्या आणि पऱ्हाट्या जळतात, तो धूर वेगळा. ज्याची छाती या हवेत घरघरते, त्याच्यासाठी आपल्याकडे वाटा ठरलेल्या आहेत. कोजागिरीच्या रात्री खिरीतून मिळणारे औषध, मृग लागताना हैदराबादला जाऊन बथिनी गौड कुटुंबाकडून गिळायचा औषधी मासा, आणि एरवी इंजेक्शन. तोंडाने ओढायचे औषध, ज्याला आपण सरसकट 'पंप' म्हणतो, ते सर्वात शेवटी. 'त्याला पंप लागला' हे वाक्य तर इतक्या हळू आवाजात सांगतात, जणू माणूस हातचा गेला. म्हणून आज या पंपाचा इतिहास सांगावासा वाटतो.

छातीच्या विकारावर औषध ओढून घ्यावे, ही कल्पना साहेबाची नाही. चरकसंहितेत उचकी आणि श्वास या विकारांच्या चिकित्सेचा अध्याय आहे. त्यात औषधी वाती करून त्यांचा धूर ओढण्यास सांगितले आहे. त्या वातींच्या द्रव्यांत हळदीचेही नाव येते. दक्षिणेकडे दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढत. मद्रासचे इंग्रज वैद्यकीय अधिकारी जेम्स अँडरसन यांना हा उपाय ठाऊक होता. १८०२ च्या सुमारास जनरल जेंट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तो मद्रासहून स्कॉटलंडमधील एडिंबरोला नेला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे युरोपातल्या औषध दुकानांत धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या जात होत्या. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हाही त्या ओढणाऱ्यांपैकी एक.

धोतऱ्याने श्वासनळ्या सैल होत, पण तोंड कोरडे पडे, मात्रा जास्त झाली तर माणूस बरळू लागे. शिवाय ज्या धुराने दमा उसळतो, त्याच धुरातून औषध घ्यायचे! पुढे रसायनशास्त्रज्ञांनी धोतऱ्यातल्या ॲट्रोपिनसारख्या द्रव्यांवर काम केले आणि अंगात फारसे न पसरणारी इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम ही औषधे तयार केली. आज ती पंपातून दिली जातात. म्हणजे पंपातल्या काही औषधांचे कूळ आपल्या बांधावरच्या धोतऱ्यापर्यंत पोचते.

आताचा पंप आला तो एका मुलीच्या प्रश्नातून. १९५५ मध्ये अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख डॉ. जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. ती काचेच्या नळीला जोडलेला रबरी फुगा दाबून औषध घेत असे. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखा औषधाचाही डबा का नसावा, असे तिने वडिलांना विचारले. वर्षभरात, १९५६ साली, मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला.

यानंतरचा भाग सुखाचा नाही. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये दम्याने होणारे तरुणांचे आणि मुलांचे मृत्यू अचानक वाढले. त्याच काळात आयसोप्रेनालिनचा तीव्र मात्रेचा पंप तिथे विकला जात होता. अमेरिकेत हा तीव्र पंप विकला गेला नाही आणि तिथे अशी लाटही आली नाही. इशारे दिले गेले, चिठ्ठीशिवाय विक्री बंद झाली आणि मृत्यू उतरले. पुढे १९७० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल या दुसऱ्या औषधाबाबत जवळपास तेच घडले. दोष औषधाच्या तीव्रतेचा की त्यावर विसंबून डॉक्टरकडे उशिरा जाण्याचा, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. पण धडा निघाला. आराम मिळणे वेगळे आणि आजार आटोक्यात येणे वेगळे.

दम्यात श्वासनळी आवळते, हे खरे. पण त्याआधी ती आतून सुजलेली असते. आवळलेली नळी सैल करणारे औषध सूज उतरवत नाही. सूज उतरवते स्टेरॉईड. पोटातून घेतलेले स्टेरॉईड मात्र हाडे, साखर, डोळे, वाढ, सगळ्यांवर परिणाम करते. इंग्लंडच्या डर्बी शहरातील डॉ. हॅरी मॉरो ब्राऊन रुग्णांचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि स्टेरॉईडचा गुण कुणाला येईल ते ठरवत. १९७२ मध्ये त्यांनी बेक्लोमेथासोन हे स्टेरॉईड पंपातून देऊन दाखवले. पोटातल्या गोळ्यांवर जगणाऱ्या कित्येकांच्या गोळ्या त्यामुळे सुटल्या.

'पंप फार कडक असतो' असे आपण म्हणतो, तिथे एक साधा हिशेब करावा. साल्ब्युटामॉल या आराम देणाऱ्या औषधाची नेहमीची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे एका गोळीत चाळीस फवारे! गोळी पोटातून, रक्तातून सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट जिथे दुखणे तिथे जातो. मग कडक कोण?

आता मुंबईकडे येऊ. १९३५ मध्ये डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी तिथे सिप्ला ही औषध कंपनी स्थापन केली. त्यांचे पुत्र डॉ. युसूफ हमीद केंब्रिजहून रसायनशास्त्र शिकून आले. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये लागू झाला. त्याने औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मान्य केले. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची वाट भारतीय कंपन्यांना मोकळी झाली. १९७० च्या दशकातच सिप्लाने दम्याचे फवारे देशात आणले. मग कॅप्सूल फोडून भुकटी ओढायची साधीसोपी साधनेही तालुक्याच्या दुकानात पोचली. २००५ मध्ये तो कायदा बदलला, पण तोवर भारत दम्याची औषधे बनवणारा मोठा देश झाला होता.

औषध पोचले, भरवसा पोचला नाही. पुरावा मात्र साचत गेला. कॅनडातील सस्कॅचेवन प्रांतात तीस हजारांहून अधिक दमेकऱ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २००० मध्ये निष्कर्ष आला: वर्षभरात स्टेरॉईडच्या पंपाचा एकेक डबा जास्त वापरला गेला, तसा मृत्यूचा दर सुमारे २१ टक्क्यांनी घटत गेला. हा पंप ज्यांनी सोडला, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत मृत्यू अधिक आढळले. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत सौम्य दमा असलेल्यांना गरजेपुरता, पण स्टेरॉईड मिसळलेला पंप दिला. नुसता आराम देणारा पंप वापरणाऱ्यांपेक्षा त्यांना गंभीर झटके ६४ टक्क्यांनी कमी आले. २०१९ पासून 'जिना' ही दम्यावरची जागतिक मार्गदर्शक संस्था प्रौढांना आणि किशोरांना नुसत्या आरामाच्या पंपावर ठेवू नका, असे सांगते.

आपल्याकडे काय? २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार दम्याचे सुमारे १३ टक्के ओझे भारतावर आहे. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४२ टक्क्यांच्या आसपास. पंप बनवणाऱ्या देशात माणसे दम लागून मरतात, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

सगळेच काही दम्याचे नसते. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये डॉ. पीटर बार्न्स यांच्यासह 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की, फुप्फुसांच्या जुनाट अडथळ्याच्या आजाराचे, म्हणजे सीओपीडीचे, कितीतरी रुग्ण आयुष्यात कधी विडी-सिगारेट न ओढलेले असतात. चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण. आपल्या आया-बहिणी त्यांत आल्या. या आजारात श्वासनळ्या सैल करणारे पंप मुख्य असतात. स्टेरॉईड काहींनाच लागते, कारण २००७ च्या सहा हजार रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉईड घेणाऱ्यांना न्यूमोनिया अधिक झाला. म्हणून शेजाऱ्याचा पंप आपला नव्हे. फुंकून तपासणी करून आजार कोणता ते आधी ठरवावे.

पंप वापरायची रीतही महत्त्वाची. लहान मुलाला फवारा दाबणे आणि श्वास ओढणे एकाच वेळी जमत नाही, म्हणून मध्ये नळकांडे, म्हणजे स्पेसर, लावतात. तो नसेल तर? १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉ. हेदर झार यांच्या अभ्यासात अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला नीट भोक पाडून, पंप त्यात घट्ट बसवून केलेला स्पेसर विकतच्याइतकाच उपयोगी ठरला. आणि स्टेरॉईडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

कोजागिरीच्या खिरीला किंवा मृगाच्या माशाला मी हसत नाही. जिथे दुसरे काही हाती लागत नव्हते, तिथे लोकांनी आशा धरली. पण नियंत्रित चाचणीत या उपायांचा गुण सिद्ध झालेला नाही, आणि पंपाचा झाला आहे. ज्याला जायचे त्याने जावे, पंप मात्र बंद करून जाऊ नये.

डॉक्टरांसमोर बसल्यावर दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. हा पंप आरामाचा की सूज उतरवणारा? आणि मी तो बरोबर ओढतो का, बघता का जरा? बरे वाटले म्हणून सूज उतरवणारा पंप आपल्या मनाने थांबवू नये. बरे वाटते, ते तो चालू आहे म्हणून.