दोन कार्डे, दोन हिशेब

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्या पडद्यासाठी दोन कार्डे मिळत: एमडीए आणि सीजीए. पहिल्याची स्मृती ४ किलोबाइट, दुसऱ्याची १६. मग दुसरे चौपट चांगले का? आपण हिशेब करून पाहू.

एमडीए ८० × २५, म्हणजे २००० अक्षरे दाखवी. दर अक्षराला २ बाइट, एकूण ४००० बाइट. अक्षराची चौकट ९ × १४ ठिपक्यांची, म्हणून अक्षर सुबक. पण अक्षरांचे आकार चिपमध्ये कायमचे ठरलेले. चित्र काढता येत नसे.

सीजीए ३२० × २०० ठिपके चार रंगांत दाखवी. दर ठिपक्याला २ बिट, एकूण १६,००० बाइट. चित्रे आली, पण अक्षराची चौकट ८ × ८ एवढीच उरली.

व्हॅन सुवन्नुकुल यांना पडद्यावर थाई लिपी हवी होती. तिच्यासाठी एमडीएची अक्षरे ठरीव, तर सीजीएचे ठिपके विरळ. त्यांच्या हर्क्युलिस कार्डाने १९८२ साली ७२० × ३४८ ठिपके, एकाच रंगात, पण सुटे सुटे हाताळू दिले. देवनागरीची अडचणही हीच होती. इंग्रजीपुरत्या ठरीव अक्षरांतून ‘ज्ञानेश्वर’ कसे उमटणार? पुढे सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने भारतीय लिप्या पीसीच्या पडद्यावर आणल्या.

स्मृती किती, याबरोबरच ती कशावर खर्च होते, हेही विद्यार्थ्यांना विचारायला हवे.