चिंचवडच्या रुपयाची चांदी व तिची नवी कसोटी

पेशवाईंत चिंचवड येथें टांकसाळ होती व तींत पाडलेले रुपये संग्राहकांस परिचित आहेत. त्या काळच्या इतर मराठी रुपयांप्रमाणें यांवरही फारसी लेख आहे. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळें तो बहुधा अर्धवटच उमटतो आणि टांकसाळ एखाद्या लहानशा खुणेवरून ठरवावी लागते. ठसा, खूण, वजन व दप्तरांतील उल्लेख यांचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला. ज्या चांदीवर ठसा बसला ती कोठली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. महाराष्ट्रांत चांदीची खाण नाहीं. तेव्हां येथील प्रत्येक रुपया बाहेरून आलेल्या चांदीचा आहे. सुरतेस व मुंबईस उतरलेलें परदेशी नाणें वितळून, किंवा जुने रुपये मोडून तो पाडला गेला. दप्तरांत कस व बट्टा सांपडेल, परंतु खाणीचें नांव सांपडणार नाहीं. तें धातूंतच शोधलें पाहिजे.

धातुपरीक्षा आपल्याकडे नवी नव्हे. कौटिल्यानें निकषावरील रेघेचा सविस्तर विचार केला आहे. सुभाषितकारांनीं सोन्यास घर्षण, छेदन, तापन व ताडन अशा चार परीक्षा सांगितल्या. मराठी राज्यांतील पोतदार नाणें पारखी तो हाताच्या, कानाच्या व डोळ्याच्या सरावानें. खात्री पाहिजे असल्यास शिसें घालून मुशींत गाळीत. या सर्व रीतींनीं कस कळतो, उगम कळत नाहीं. आणि शेवटच्या रीतींत नाणेंच नाहींसें होतें.

उगम सांगणारें साधन विरळ वायूंतून वीज खेळविण्याच्या प्रयोगांतून निघालें. १८८६ सालीं गोल्डस्टाइन यानें बर्लिन येथें ऋणपट्टीस भोकें पाडून पाहिलें, तों पट्टीच्या मागच्या बाजूस किरण निघालेले दिसले. हे किरण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणुरेणूंचे प्रवाह, त्यांसच आज आयन म्हणतात. केंब्रिजच्या जे. जे. टॉमसननें हे आयन चुंबकाच्या व विजेच्या ओढीनें वळविले. जड कमी वळले, हलके अधिक. १९१३ सालीं त्यानें निऑन वायूच्या २० व २२ अशा दोन रेषा प्रसिद्ध केल्या. एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या वजनांचे अणु असतात, हें यावरून पुढें सिद्ध झालें. अशा अणूंस आपण ‘समस्थानिक’ म्हणतों. मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ तोच, आणि शास्त्रीय परिभाषेंत इतकें नेमकें भाषांतर विरळा. टॉमसनचा सहकारी ॲस्टन यानें १९१९ सालीं वस्तुमान-वर्णलेखक बनविला व १९२२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

अडचण एवढीच होती कीं, विसर्गनळींत वायु सहज जातो, धातु जात नाहीं. शिशाचे समस्थानिक पाहण्यास ॲस्टनला १९२७ सालीं शिशाचें एक बाष्पशील संयुग वापरावें लागलें. पुढें १९३५ च्या सुमारास डेम्प्स्टरनें निर्वातांत विजेची ठिणगी पाडून धातूचेच आयन काढले. त्याच रीतीनें २३५ वजनाचें युरेनियम प्रथम दिसलें. आज वापरांत असलेली रीत १९८० सालची. अमेरिकेंतील एम्स येथें हौक व फॅसेल यांनीं ब्रिटनच्या ग्रे याच्यासह ती प्रसिद्ध केली. क्वार्ट्‌झच्या नळींतून आर्गॉन वायु सोडतात व भोंवतालच्या वेटोळ्यांत रेडिओ-लहरींच्या वेगानें उलटसुलट होणारी वीज खेळवितात. वायूची सहासात हजार अंशांवर तापलेली ज्योत होते, हाच प्लाझ्मा. आर्गॉनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढण्यास १५.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तर चांदीस ७.५८, तांब्यास ७.७३ व शिशास ७.४२. त्यामुळें या ज्योतींत पडलेला धातु जवळजवळ सगळा आयनरूप होतो. शंकूच्या टोंकावरील सुमारें एक मिलिमीटरच्या छिद्रांतून ते आयन निर्वातांत ओढून वजनवार मोजतात.

चिंचवडाभोंवतींच्या कारखान्यांच्या पट्ट्यांत धातुपरीक्षा आज नित्याची आहे. भोसरी-चाकणकडील ओतशाळांत ठिणगी पाडून तिचा प्रकाश वाचतात. तेथें आयन मोजीत नाहींत. औषधांतील शिसें, पारा, आर्सेनिक यांचे अंश मोजण्यास मात्र प्लाझ्मा-यंत्रच वापरतात. तुर्भे येथील भाभा अणु संशोधन केंद्रानें तर वस्तुमानमापक यंत्रें देशांतच घडविलीं.

आतां रुपयाकडे येऊं. चांदींत थोडें शिसें राहतेंच. शिशाचे समस्थानिक चार : २०४, २०६, २०७ व २०८. पैकीं शेवटच्या तिहींत युरेनियम व थोरियम यांच्या क्षयानें भर पडत असते, पहिल्यांत पडत नाहीं. म्हणून खाणीच्या वयानुसार यांचें प्रमाण बदलतें व नाणें वितळलें तरी तें टिकतें. २०११ सालीं देसोल्टी व तिच्या सहकाऱ्यांनीं सोळाव्या ते अठराव्या शतकांतील स्पॅनिश अमलाच्या नाण्यांवर हा प्रयोग केला. स्पेनच्या नाण्यांत मेक्सिकोची चांदी ठळकपणें दिसते ती पांचव्या फिलिपच्या, म्हणजे अठराव्या शतकांतील, कारकीर्दींत; पोटोसीच्या चांदीची छाप फारशी दिसत नाहीं. मग ती चांदी गेली कोठें? बराच भाग पूर्वेकडे वळला असावा, असें मानण्यास व्यापाराच्या इतिहासांत आधार आहे. आपला रुपया या वादांत साक्षीदार होऊं शकतो.

साक्ष घेतांना मात्र सावध असावें. गाळतांना घातलेलें शिसें भलत्याच खाणीचें असूं शकेल. म्हणूनच वरील शोधकांनीं चांदीचे व तांब्याचेही समस्थानिक मोजले. शिवाय मोड घालून पाडलेल्या रुपयांत अनेक खाणींची चांदी मिसळलेली असते. अशा वेळीं ‘ही अमक्याच खाणीची’ असें कोणी छातीठोकपणें सांगूं लागल्यास त्यावर विश्वासूं नये. ‘ही केवळ अमक्या खाणीची नव्हे’ एवढें म्हणणें पुष्कळदां अधिक प्रामाणिक ठरेल.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. आम्लानें तांबें निघून जातें व वर निखळ चांदीचा पातळ थर राहतो. सोनार चांदी चिंचेनें उजळतो त्यांतलाच हा प्रकार, आणि चिंचवडच्या रुपयासही हौशी लोकांनीं चिंच लावण्यास कमी केलेलें नाहीं. अशा नाण्याचा केवळ पृष्ठभाग तपासून दिलेला कस खऱ्याहून चढा येतो. विसर्गानें थर खरवडीत आंत जाणारीही एक रीत आहे, पण तिनें डोळ्यांस दिसेल एवढा खळगा पडतो. लेझरनें उडविलेली धूळ प्लाझ्मांत नेली तर खळगा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान राहतो. तोही एकाच जागीं खोल जाऊं दिला पाहिजे, नाहींतर वरचाच थर मोजला जाईल.

म्हणून ज्यांच्यापाशीं चिंचवडचे एकाच ठशाचे अनेक रुपये आहेत, त्यांनीं झिजलेला, न उजळलेला एक परीक्षेस द्यावा. खळगा कडेस पाडवावा, अक्षरावर नको. आधींचें वजन, छायाचित्र, खळग्याची जागा व यंत्राची रीत हीं टिपून त्या कागदासह नाणें ठेवावें. पोथीच्या कोणत्या पत्रावरून नक्कल घेतली हें आपण टिपतों, त्याचप्रमाणें.