सागरजल, ॲल्युमिनियम आणि संगतीचा दोष

ॲल्युमिनियम समुद्राच्या पाण्यात टिकत नाही, हे विधान अनेकदा निरपवाद सत्य म्हणून मांडले जाते. त्याच्या समर्थनार्थ ‘डिफेंडर’ ह्या अमेरिकन शर्यती नौकेचा दाखला हटकून पुढे येतो. तो दाखला खरा आहे. परंतु त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१८८६ मध्ये अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू ह्यांनी स्वतंत्रपणे विद्युत्-पृथक्करणाची रीत शोधली आणि तोवर दुर्मिळ असलेला हा धातू स्वस्त झाला. पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचा धातू नौकाशिल्पींना मोह घालणार, हे उघडच होते. १८९५ च्या ‘अमेरिका चषक’ स्पर्धेसाठी नॅथॅनिएल हेरेशॉफ ह्यांनी ‘डिफेंडर’ बांधली. तिचा सांगाडा पोलादी, पाण्याखालचा पत्रा कांशाचा आणि वरच्या अंगाचा ॲल्युमिनियमचा होता. नौकेने ब्रिटिश ‘व्हल्कायरी–३’ विरुद्ध चषक राखला. पण तिचे अंग झपाट्याने झिजत गेले. १८९९ मध्ये नव्या नौकेच्या सरावासाठी तिची डागडुजी झाली आणि १९०१ मध्ये ती मोडीत काढण्यात आली.

ह्या झिजेची कारणे दोन. ॲल्युमिनियम हवेत येताच त्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर जमतो. तोच त्याचे कवच होय. सागरजलातील क्लोराइड हे कवच दुबळ्या जागी भेदते आणि तेथे खोल खळगे पडतात. परंतु केवळ एवढ्याने नौका इतक्या लवकर निकामी होत नाही. दुसरे कारण अधिक घातक ठरले. कांसे व ॲल्युमिनियम एकमेकांना भिडलेले आणि दोहोंना खारे पाणी लागलेले, म्हणजे तो एक विद्युत्-घटच झाला. अशा घटात अधिक क्रियाशील धातू विरघळतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. येथे विरघळण्याची पाळी ॲल्युमिनियमवर आली.

हे तत्त्व त्या काळी नवे नव्हते. ज्या हंफ्री डेव्हींनी तुरटीवाचक लॅटिन शब्दावरून १८०८ मध्ये ह्या धातूचे नाव सिद्ध केले, त्यांनीच १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी ते प्रयोगाने दाखवून दिले होते. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा खाऱ्या पाण्याने खराब होई. त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडताच ते तुकडे झिजले व तांबे वाचले. मात्र वाचलेल्या तांब्यावर शिंपले व शेवाळ यांची गर्दी झाली, जहाजांचा वेग मंदावला आणि नौदलाने तो उपाय सोडून दिला. डेव्हींचा उपाय व्यवहारात फसला, तरी त्यामागील तत्त्व खोटे ठरले नाही. ‘डिफेंडर’च्या बाबतीत तेच तत्त्व उलट बाजूने प्रत्ययास आले : डेव्हींच्या प्रयोगात जस्ताने जे बलिदान केले, ते येथे ॲल्युमिनियमला करावे लागले.

पुढे तांबेविरहित, मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू प्रचारात आले आणि ॲल्युमिनियमच्या नौका समुद्रावर सुखेनैव वावरू लागल्या. तरीही जुना धडा नजरेआड होऊ शकतो. २०१० मध्ये अमेरिकन नौदलात दाखल झालेल्या ‘इंडिपेंडन्स’ ह्या ॲल्युमिनियमच्या युद्धनौकेत, पोलादी प्रचालन-यंत्रणेच्या सान्निध्यात, तीव्र क्षरण झाल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले. त्यावर योजलेला उपाय विद्युत्-संरक्षणाचाच, म्हणजे डेव्हींच्याच परंपरेतला होता.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण येथे आठवते. मात्र येथे शेजाऱ्याचा गुण लागत नाही, तर शेजाऱ्यासाठी स्वतः झिजावे लागते. म्हणून ‘सागरजलात ॲल्युमिनियम गंजतो’ हे विधान अपुरे आहे. कोणत्या मिश्रणाचा ॲल्युमिनियम आणि कोणत्या धातूच्या संगतीत, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून ‘डिफेंडर’चा दाखला देणे इतिहासालाही धरून नाही आणि रसायनशास्त्रालाही नाही.