ओट्याखाली उभे राहून

डहाणू रोडला लोकल रिकामी होते, तुम्हीही उतरता. 2013 पासून ही गाडी इथवर येते आहे. स्टेशनबाहेरच्या बाजारात रिक्षांची गर्दी चुकवत चाला. दोन उंच इमारतींच्या मधोमध एखादे बुटके, कौलारू दुकान अजून तग धरून असते. पुढे दगडी ओटा, त्यावर सागाचे खांब आणि शटरच्या जागी खोबणीत एकेक करून सरकवायच्या उभ्या फळ्या. त्यातल्या एका फळीवर तळहात टेका. डोळे मिटा.

उघडाल तेव्हा काँक्रीट नाहीसे झालेले असेल. 1860 चे दशक सुरू आहे. समोर नवेकोरे रूळ आहेत. डहाणू गाव मागे किनाऱ्याकडे, खाडीपाशी, किल्ल्याच्या सावलीत राहिले. तो किल्ला पोर्तुगिजांचा. वसईच्या मोहिमेत, 1739 मध्ये, मराठ्यांनी घेतलेला. खाडीवरची वर्दळ तर त्याहूनही कितीतरी जुनी. सुमारे 1,900 वर्षांपूर्वी क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ज्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, त्यांत ‘दाहनुका’ आहे. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात हे नाव तुम्हाला आजही वाचता येते.

आता माल रुळांकडे वळतो आहे. जंगलातून बैलगाड्या येतात. कशात साग, कशात गवत. मुंबईच्या तबेल्यांना गवत हवे, घरांना लाकूड हवे. स्टेशनाभोवती वखारी उठतात आणि वखारींमागोमाग दुकाने. तुमच्या हाताखालची फळी त्याच जंगलातली.

फळी सोडू नका. वर्षे पुढे सरकू द्या.

1944 चा आषाढ. पाऊस कोसळतो आहे आणि तुम्ही ओट्याखाली उभे आहात. वर गादी, उतरते मेज, लाल कापडात बांधलेली चोपडी. तुमच्या शेजारी तलासरीकडून चालत आलेली एक वारली बाई आहे, डोक्यावर रिकामी टोपली. घरातले भात संपले आहे, ती खावटी मागायला आली आहे. शेठजी माप भरतात, चोपडीत ओळ लिहितात. ती ओळ तिला वाचता येत नाही. सुगीला किती भात परत करायचे, ते चोपडी ठरवणार. तिचा नवरा जमीनदाराकडे लग्नगडी आहे. लग्नासाठी घेतलेले कर्ज तो राबून फेडतो आहे, आणि ते फिटत नाही. ती ओटा चढत नाही. तुम्हीही तिच्यासोबत खालीच उभे राहा. या बाजाराची उंची इथूनच नीट मोजता येते.

आता 1945 चा ऑक्टोबर. गवत पिकून उभे आहे, पण वखारीतला काटा रिकामा. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारली मोठ्या संख्येने जमले. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठबिगार नाकारली. आता मागणी आहे 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी गेले. बातमी बाजारात येते तेव्हा कोणी बोलत नाही. ओट्यावरचेही गप्प, खालचेही गप्प.

हात काढा. रिक्षांचे हॉर्न परत ऐकू येतील.

गोदावरीबाईंनी त्या दिवसांची कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली, म्हणून शब्द टिकले. त्या शब्दांची जागा मात्र एकेक करून पाडली जाते आहे. डहाणूजवळ वाढवणला 76,000 कोटींहून अधिक खर्चाचे बंदर होऊ घातले आहे. इथल्या जमिनीचा भाव त्यामुळे वाढणारच. ज्याच्या नावावर गळके कौलारू दुकान आहे, त्याला बिल्डरचा फोन गोड लागला तर त्याला दोष कसा द्यायचा?

पण एवढे मला पक्के वाटते. वारसा म्हणजे फक्त राजवाडे आणि किल्ले नव्हेत. सागाची कारागिरी, व्यापाऱ्याची हुशारी आणि ओट्याखालच्या माणसाची भूक, हे तिन्ही एकाच जागी सांगणारी इमारत म्हणजे हे दुकान. ते गेले की व्यापाऱ्याच्या नातवाचीही आठवण जाते आणि वारल्याच्या नातवाचीही.

महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यात ऐतिहासिक वास्तू विकास आराखड्यात नोंदवून जपण्याची सोय आहे. डहाणूच्या बाजारातल्या अशा दुकानांची यादी व्हायला हवी. मालकाला कौले शाकारायला, खांब बदलायला पैसे मिळायला हवेत, आणि दुकान चालू राहायला हवे. कुलूप लावून इमारत जपली जात नाही.

आणि दुकान उतरवायचेच ठरले, तर फळ्या भंगारात जाण्याआधी त्याची मापे घ्या, फोटो काढा, जुनी चोपडी असेल तर ती जपून ठेवा. मग तलासरीच्या एखाद्या पाड्यावरच्या आजीला घेऊन या आणि तिला ऐकलेले, सोसलेले सांगू द्या. तिला ओट्यावर बसवा, गादीच्या शेजारी.