हळदीची साक्ष

वसईतील आपल्या घरांत मुलाचा गुडघा फुटला, की आजी आधी हळदीची चिमूट जखमेवर दाबीत असे. खोकल्यावर हळदीचे गरम दूध, मुका मार लागला तर आंबेहळदीचा लेप, धुतलेल्या मासळीला मीठ-हळद, हे आपण कोणत्या ग्रंथातून शिकलो नाही. तरीही हळदीला लिखित इतिहास आहे, आणि त्यात आपल्या धर्मसभेचाही वाटा आहे. तो सर्वस्वी अभिमानाचा नाही.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य भारतात आला. येथील वैद्य, हकीम व व्यापारी यांना विचारून त्याने वनस्पतींची माहिती जमविली आणि १५६३ साली गोव्यात आपला संवादरूप ग्रंथ छापला. त्यातील हळदीवरच्या प्रकरणात तो हळदीला 'या भूमीचे केशर' म्हणतो, आणि येथील वैद्य ती डोळ्यांच्या विकारांवर व खरजेवर देतात, असे नमूद करतो.

ओर्ता मूळचा यहुदी घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. पुढे १७३६ साली याच न्यायासनाने गोव्यातील ख्रिस्ती लोकांच्या अनेक देशी चाली निषिद्ध ठरविल्या. त्यांत वधूवरांना हळद लावणेही होते. औषधी मुळात त्यांना केवळ परधर्म दिसला. वास्तविक, भूमीतून औषधे उगवतात ती देवाने निर्माण केली म्हणून, असे बेन सिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय सांगतो. धर्माच्या नावाने झालेल्या अशा जुलमांबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली देवाकडे क्षमा मागितली. आपल्याकडे मात्र हळद टिकली. आज आपल्या मांडवात हळद लागते आणि दुसऱ्या दिवशी तेच वधूवर वेदीपुढे उभे राहतात.

हळदीला दुसरे संकट आले ते बाजाराचे. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. हे ज्ञान जुने आहे, हे दाखविण्यासाठी संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवण्यात आला. १९९७ साली पेटंट रद्द झाले.

येथे आपण थांबून विचार केला पाहिजे. हळद वाचली ती लिखित पुराव्यामुळे. घरोघरच्या आज्यांची साक्ष तेथे कोणी काढली नाही. ती कागदावर नव्हतीच. आपल्या वाड्यांतील किती पाले, किती मुळ्या अशाच नोंदीवाचून विस्मृतीत जात आहेत!

हळदीचा अतिरेकी गौरवही नको. तिच्यातील कर्क्युमिन हे द्रव्य पोटातून फार थोडे शोषले जाते. खोल जखम, चिघळलेला पाय, लांबलेला खोकला यांसाठी डॉक्टरच गाठावा. परंतु येत्या रविवारी मिस्साहून घरी परतल्यावर घरातील वृद्धांजवळ वही घेऊन बसावे. कोणते मूळ, कशात उगाळायचे, किती दिवस लावायचे, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. त्यांच्यामागे ते सांगणारे कोणी उरणार नाही.