विल्डबीस्ट स्थलांतर : सफारीचा हंगाम

टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मसाई मारा या सलग गवताळ प्रदेशांत वर्षभर चालणारी विल्डबीस्ट या कुरंगाची चक्राकार भ्रमंती आणि ती पाहण्यासाठी वेळ ठरवण्याची रीत. या भ्रमंतीत सु. १३ लाख विल्डबीस्ट, सु. २ लाख झेब्रे आणि काही लाख टॉमसन गॅझेल असतात. ‘स्थलांतर कोणत्या महिन्यात असते?’ असे प्रवासी हमखास विचारतात. खरे तर कळप बाराही महिने वाटेवरच असतात. तेव्हा अमुक महिन्यात ते कुठे असतील आणि तिथे त्यांचे काय चालले असेल, हे विचारावे.

विल्डबीस्टला न्यू असेही म्हणतात, स्वाहिलीत न्युंबू. शास्त्रीय नाव कॉनोकीट्स टॉरिनस. पुढून भरदार, मागे उतरती पाठ, लांबट तोंड, हनुवटीखाली दाढी. याला रोज पाणी आणि कोवळे, आखूड गवत लागते, म्हणून तो पावसाच्या मागे जातो. झेब्रे उंच, राठ गवत आधी खाऊन टाकतात. खालचा पाला विल्डबीस्टच्या वाट्याला येतो आणि त्यानंतर फुटणारे कोवळे कोंब गॅझेल टिपतात. सेरेंगेटीच्या आग्नेय टोकाला वर्षाला सु. ५०० मिमी. पाऊस पडतो, उत्तरेला त्याच्या दुपटीहून अधिक. दक्षिण सुकली की उत्तरेकडे जाण्यावाचून गत्यंतर नसते.

मग उत्तरेला बारमाही पाणी असताना ही जनावरे दक्षिणेला परततात तरी कशासाठी? उत्तर मातीत आहे. ओल दोइन्यो लेंगाई आणि एन्गोरोंगोरो परिसरातील जुन्या ज्वालामुखींची राख दक्षिणेच्या मैदानांवर पसरलेली आहे. तिच्यावरच्या आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते. दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमके तेच हवे असते. म्हणून डिसेंबर ते मार्च कळप या मैदानांवरील एनदुतूच्या आसपास पसरलेले असतात आणि साधारण जानेवारीअखेरीपासून तिथेच विण्याचा हंगाम सुरू होतो. वर्षभरात जन्मणाऱ्या पाडसांपैकी बहुतेक सगळी दोन-तीन आठवड्यांत जन्मतात.

हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. मादी भर उजेडात, कळपाच्या मधोमध आडवी होते. ओले, फिकट तपकिरी पाडस गवतावर पडते, पुढचे पाय टेकते, कोसळते, पुन्हा उठते. पाच-सात मिनिटांत ते चारही पायांवर उभे असते आणि थोड्याच वेळात आईच्या कुशीला लागून पळूही लागते. तरस आसपास असतातच. पण एकाच वेळी इतकी पाडसे जन्मल्यावर भक्ष्यकांनी खाऊन खाऊन खायची तरी किती? एकदम जन्मण्यातच त्यांचे संरक्षण आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या वर्षातला सर्वांत मोलाचा काळ हाच, फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. जाहिरातींत मारा नदी ओलांडणारे कळप दिसतात, म्हणून लोक हा काळ हातचा घालवतात, याची हळहळ वाटते.

मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत मासिका, म्हणजे मोठा पाऊस. कळप सेरोनेराच्या बाजूने मध्य सेरेंगेटीतून वायव्येकडे सरकतात. मे-जून हा माजाचा काळ. नर जागा अडवून हुंकारत, एकमेकांवर धावून जात असतात. जूनच्या सुमारास बरेच कळप ग्रुमेती नदीच्या पट्ट्यात असतात. गर्दी कमी, हिरवळ भरपूर. मात्र वाटा फसव्या असतात. या भागातली काही जमीन विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या कापसाच्या जमिनीच्याच जातीची आहे. त्या जमिनीत पावसात बैलगाडी कशी रुतते, हे ज्याने पाहिले आहे त्याला इथल्या जीपचे हाल वेगळे सांगायला नकोत.

जुलैअखेर ते ऑक्टोबर हा मारा नदीचा काळ. नदी केनियातील माऊच्या जंगलात उगम पावते, दोन्ही देशांतून वाहत व्हिक्टोरिया सरोवराला मिळते; कोरड्या दिवसांत कळपांना खात्रीचे पाणी तिचेच. कळप ती एकदाच ओलांडतात, हा गैरसमज आहे. गवत जिकडे असेल तिकडे ते जातात, परत येतात, पुन्हा जातात. काठावर हजारो जनावरे दाटतात, पुढचे एखादे उतार उतरून पाणी हुंगते आणि बिचकून मागे फिरते. कधी हे तासन्‌तास चालते आणि संध्याकाळी सगळा कळप माघारी जातो. एकाने उडी घेतली, तर मात्र धुळीचा लोट उठतो आणि रांगच्या रांग पाण्यात कोसळते. मगरींपेक्षा चेंगराचेंगरी आणि प्रवाह अधिक बळी घेतात: २००१ ते २०१५ या काळाच्या अभ्यासात वर्षाला सरासरी सु. ६,२५० विल्डबीस्ट बुडाल्याचे आढळले. नदी ओलांडण्याची तारीख कोणी देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. काठाजवळ एकाच ठिकाणी तीन-चार मुक्काम करावेत आणि गाडी उताराच्या तोंडाशी लावू देऊ नये. गाड्यांनी वाट अडल्यामुळे कळप मागे फिरतात.

नोव्हेंबरात वुली, म्हणजे छोटा पाऊस सुरू होतो आणि कळप लोबोच्या बाजूने पुन्हा दक्षिणेची वाट धरतात. पाऊस लवकर-उशिरा झाला, की सगळे वेळापत्रक दोन-तीन आठवडे सरकते.

आज दिसते ते दृश्य फार जुने नाही. १८९०च्या दशकात गुरांबरोबर आलेल्या बुळकांड्या रोगाने इथली जनावरे पटापट मारली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बेर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिशाएल यांनी छोट्या विमानातून कळपांची गणना केली. जानेवारी १९५९मध्ये गिधाडाची धडक बसून झालेल्या अपघातात मिशाएल मरण पावला. गुरांना लसी टोचल्यावर रोग हटला. १९६१च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेली संख्या १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात १३ लाखांवर गेली.

महाराष्ट्रातल्या कुटुंबांची अडचण सुट्ट्यांची आहे. मेची सुट्टी मोठ्या पावसात येते. तेव्हा मध्य किंवा पश्चिम सेरेंगेटी निवडावी. दिवाळी लवकर असेल, तर उत्तरेला शेवटचे कळप भेटतात. उशिरा असेल, तर ते वाटेत असतात. नाताळात दक्षिणेचे मैदान भरू लागलेले असते, पाडसे मात्र नसतात. कळपांना सीमा नाही, पण प्रवाशांना माराहून सरळ सेरेंगेटीत उतरता येत नाही. इसेबानिया किंवा नमांगाच्या नाक्यावरून मोठा वळसा पडतो. म्हणून आठवडाभराच्या सहलीत एकच देश धरावा. ही मैदाने उंचावर आहेत. जुलै-ऑगस्टच्या पहाटे स्वेटर लागतो. केनियातून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि ते लस टोचल्यावर १० दिवसांनी ग्राह्य होते. तिकिटाच्या आधी त्या लसीची तारीख घ्यावी.