पत्ते आणि खेळणारे

खेळांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा साधनांचाच इतिहास लिहितो; खेळणाऱ्यांचा राहून जातो.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, असे 120 गोल पत्ते. दिवसा उतारीचा मान रामाच्या राजाला, रात्री कृष्णाच्या. 1970च्या दशकात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही मावळती कला राजवाड्यातच पुन्हा उभी केली. पत्ते वाचले, दिवाणखान्यांत पोहोचले. डाव मांडणारे मात्र विरळच राहिले.

याच्या नेमके उलट घडले ‘नेटरनर’ या विज्ञानकथात्मक खेळाचे. रिचर्ड गारफील्डने रचलेला हा खेळ 1996 साली आला. त्यात एक खेळाडू बलाढ्य कंपनी होतो, दुसरा तिच्या संगणकांत शिरणारा घुसखोर. पत्ते जमवायचे, त्यांतून स्वतःचा कॅट रचायचा आणि स्पर्धेत उतरायचे. 2012 साली नव्या रूपात आलेला हा खेळ प्रकाशकांनी 2018 मध्ये बंद केला. तेव्हा खेळाडूंनीच संस्था काढली, नवे पत्ते रचले, जागतिक स्पर्धाही चालू ठेवल्या.

राजाश्रय काय किंवा बाजार काय, पत्ते तेवढे पुरवू शकतो. गंजिफेला आज गिऱ्हाईक मिळते. तिला हवे आहेत ते डावाला बसणारे तीन गडी.